पुढच्या आठवड्यात येणारी मुलगी

हॅझलडीनमध्ये कुणालाही विचारलं, मिंडाची मुलगी कधी येणार, तर उत्तर एकच मिळायचं: पुढच्या आठवड्यात. गेले चौदा महिने ती पुढच्या आठवड्यातच येत होती. पोस्टातली बाई विचारायची, किराणा दुकानातला पोरगेला म्हातारा विचारायचा, चर्चमध्ये शेजारी बसणारी विचारायची. मिंडा हसून तेच सांगायची. हसली की तिचे डोळे अगदी बारीक व्हायचे, आणि समोरच्याला पुढे काही विचारायचं सुचायचं नाही. गाव साडेचारशे वस्तीचं, त्यामुळे विचारणारे संपायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे.

तिचं पूर्ण नाव लुझविमिंडा पालोमारेस. ते गव्हाच्या शेतकऱ्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून मिंडा. मूळची फिलिपिन्सची, इलोइलोकडच्या कोळ्यांच्या गावातली. नवरा बोटीवर कामाला म्हणून गेला आणि उतरला तो दुसऱ्याच बाईच्या घरी. मुलगी शेरिलिन तेव्हा आठ वर्षांची. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला आजीच्या पदरात घालून मिंडा कुवेतला गेली आणि सात वर्षं तिथे दुसऱ्यांची मुलं वाढवली. तिथून इथे, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, हॅझलडीनच्या वृद्धाश्रमात. मायलेकी एका घरात राहिल्याला बारा वर्षं झाली होती. शेरिलिन आता एकवीसची.

वृद्धाश्रमासाठी एकाच विमानातून सात बायका आल्या होत्या, सगळ्या फिलिपिनी. इथल्या पोरांना म्हाताऱ्यांचे लंगोट बदलायचे नव्हते आणि शहरातल्या माणसांना इथल्या उणे पस्तीसमध्ये राहायचं नव्हतं. म्हणून दोन वर्षं काम झाल्यावर प्रांताने या सातजणींची नावं केंद्राकडे पुढे केली: या बायका आमच्या उपयोगाच्या आहेत, यांना कायमचं राहू द्या. त्याबदल्यात मागणं एवढंच, की याच प्रांतात घर करा. तसं प्रत्येकीने पत्र लिहून द्यायचं होतं.

सहाजणींनी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर सांडलेलं केचप पुसून, तिथल्या तिथे लिहून दिलं. मिंडाने घरी नेलं. तिच्याकडे फ्रिजवर बाळ येशूची एक वीतभर उंचीची मूर्ती आहे, डोक्यावर मुकुट, अंगात हिरवा झगा. झगा ती स्वतः शिवते, आणि सणाला बदलते. त्या मूर्तीच्या पायाशी तिने ते पत्र तीन दिवस ठेवलं, समोर मेणबत्ती लावली आणि हात जोडून म्हणाली, "एवढं होऊ दे. मी आणि माझी इंदाय, आम्ही दोघी याच गावात राहू. तुझं देऊळ झाडू, फुलं आणू, पण कुठे जाणार नाही." इंदाय म्हणजे बाळी, लाडकी. तिच्या मुलखात याला पानाता म्हणतात. आपण नवस म्हणतो. देवाशी बोलून मोकळं होता येत नाही, बोललेलं फेडावं लागतं, हे तिकडच्या बायकांनाही आपल्याइतकंच ठाऊक.

"अते मिंडा," बाकीच्या हसल्या होत्या. अते म्हणजे ताई. "अगं सरकारी कागद आहे तो. लग्नाचं वचन नाही."

"लग्नाचं वचन कुणी पाळलं होतं?" मिंडा म्हणाली, आणि त्या जास्तच हसल्या.

कायमचं राहण्याची कार्डं आली आणि वर्षाच्या आत सहाही जणी गेल्या. एक एडमंटनला, दोघी व्हँकूवरला, एकीचा नवरा आला आणि तो तिला कॅलगरीला घेऊन गेला. उरलेल्या दोघी एका शनिवारी मिंडाच्या हातचं पान्सित खाऊन, शेवयांचा राहिलेला भाग डब्यात भरून घेऊन, टोरांटोच्या रस्त्याला लागल्या. गावाने तोंडावर काही म्हटलं नाही. पण कॅफेत आवाज बारीक व्हायला लागले. "कार्ड मिळेपर्यंत गाव चांगलं असतं," असं कुणीतरी कुणालातरी म्हणालं ते मिंडाच्या पाठीला ऐकू आलं. त्या दिवसापासून ती गावातून चालताना अपराध्यासारखी चालू लागली, जणू सहाजणींचं जाणं तिच्या नावावर जमा होतं.

आणि त्यात शेरिलिन. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात ती कॅनडात आली ती टोरांटोला उतरली. तिकडे मिंडाची धाकटी बहीण बेबी राहते. मिंडा तीन दिवसांची रजा काढून विमानतळावर गेली होती. समोरून आलेली मुलगी तिच्यापेक्षा टाचभर उंच. तिने आईचा उजवा हात घेतला, वाकून कपाळाला लावला, तिकडच्या रीतीप्रमाणे. सगळं नीट झालं. पण मिंडाला वाटत राहिलं, की ही शेजारणीच्या हाताशीही अशीच वाकली असती.

"दोन आठवडे राहू दे माझ्याकडे," बेबी म्हणाली होती. "पोरगी दमलीय. तुझ्याकडे काय, बर्फच बघायचा."

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. शेरिलिनला एका दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर काम मिळालं, मग दातांच्या डॉक्टरांची मदतनीस होण्याचा अभ्यासक्रम मिळाला, मग मैत्रिणी मिळाल्या. हॅझलडीनच्या घरातली दुसरी खोली मात्र तयारच होती. जांभळे पडदे, जांभळी चादर. नऊ वर्षांच्या शेरिलिनला जांभळं आवडायचं. एकवीस वर्षांची शेरिलिन फोटोत नेहमी काळ्यात असते, हे मिंडाने पाहिलं होतं. पण पडदे तिने बदलले नव्हते.

या वर्षी ऑक्टोबरात प्रांताच्या कचेरीतून पाकीट आलं. इथे घरोघर टपाल येत नाही, पोस्टातल्या आपापल्या पेटीतून आणायचं असतं. आत प्रश्नांचा कागद: तुम्ही कसे आहात, काम तेच आहे का, तुमच्या नावावर आलेली कुटुंबातली माणसं कुठे राहतात. मिंडा त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडीच दिवस अडली. 'टोरांटोला' असं लिहायला पेन उचललं की तिला फ्रिजवरच्या मूर्तीकडे बघवेना. आणि अधिकाऱ्याला नाही म्हणायची सवय तिच्या रक्तातच नव्हती. तिकडच्या माणसाला वरच्याने विचारलं, काम झालं का, तर न झालेलं काम आधी झालं म्हणून सांगतात आणि मग धावत जाऊन करतात. तिने लिहिलं, 'माझ्याबरोबर.' आणि मनाशी म्हणाली, पुढच्या आठवड्यात खरं होईल.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आमच्या कचेरीतल्या इंग्रिड सोलबर्ग नोव्हेंबरअखेर तुमच्या भागात येणार आहेत, तुम्हाला आणि तुमच्या मुलीला भेटायला त्यांना आवडेल. गावच्या वाचनालयात या.

मिंडाने त्याच रविवारी टोरांटोला फोन लावला.

"इंदाय, तपासणीला बाई येतेय."

"कसली तपासणी?"

"आपण इथे राहतो का ते बघायला. आपण लिहून दिलंय. तू इथे नाहीस असं कळलं तर कार्ड जाईल. तुझं पण आणि माझं पण."

"नानाय, असं काही नसतं. तिता म्हणाली, कुणी बघत नाही." नानाय म्हणजे आई, तिता म्हणजे मावशी.

"तुझी तिता काय प्रांताची मंत्री आहे?"

मागून बेबीचा आवाज आला, "सांग तिला, मंत्र्यापेक्षा मला जास्त कळतं." शेरिलिन हसली नाही.

"मी कुठे काय लिहून दिलंय?" ती म्हणाली. "मला विचारलं होतंस तू? मी तर शाळेत होते तेव्हा."

"तुझ्यासाठीच लिहिलं ना. तू इकडे यावीस म्हणून."

"मी आलेय ना."

"इकडे म्हणजे माझ्याकडे."

मग शेरिलिन म्हणाली, "या बाईच्या भेटीला मला येता येणार नाही, परीक्षा आहे. सत्र डिसेंबरात संपतं. जानेवारीत येते. कोर्स सोडते. दवाखान्यात सांगते. झालं?"

"झालं," मिंडा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला इतका आनंद झाला, की तिने भाताच्या कुकरमध्ये दोघींचा भात लावला. आणि 'झालं?' हा शब्द मुलीने कसा म्हटला होता, ते आठवलं आणि त्यातला अर्धा भात तसाच राहिला.

आता प्रश्न इंग्रिडबाईंचा. जानेवारीपर्यंत मुलगी इथे आहे असं दिसायला हवं होतं. आणि तसं दाखवायचं म्हणजे काय, ते मिंडाला कुवेतमधल्या मालकिणीने शिकवलं होतं. पाहुणे येणार असले की ती बाई न वाचलेली पुस्तकं पलंगाशेजारी उघडी ठेवायची. मिंडाने न्हाणीघरात दुसरा टूथब्रश ठेवला. दाराशी मुलीच्या मापाचे बूट. मुलीच्या नावाने दोन कपड्यांच्या कॅटलॉगांची मागणी नोंदवली, म्हणजे पेटीत तिच्या नावाचं टपाल येईल. ते येऊ लागल्यावर पोस्टातल्या बाईने विचारलं, "आली वाटतं?" आणि मिंडा म्हणाली, "पुढच्या आठवड्यात," मग पटकन "नाही नाही, येऊन गेली, कामाला गेलीय," आणि मग आपण काय बोललो ते न कळून बाहेर बर्फात येऊन उभी राहिली.

वाचनालय गरम ठेवणारी भट्टी बिघडली म्हणून इंग्रिडबाई थेट घरीच आल्या. साठीच्या, आडव्या अंगाच्या, चष्म्यावर वाफ धरलेली. बूट दारात काढून मोज्यांनी चालत आल्या. मिंडाने टेबलावर पान्सित, सारण गुंडाळून तळलेले लुंपिया, केक, आणि शिवाय इथल्या रीतीचे, उकडलेल्या करंज्यांसारखे बटाट्याचे पिरोगी मांडले होते. बाई बसल्या आणि दहा मिनिटं नुसत्या खातच राहिल्या.

"मुलगी?" त्यांनी विचारलं.

"कामाला. बेकरीत."

"गावात बेकरी आहे? मला कुणी सांगितलं नाही."

गावात बेकरी नव्हती. सात वर्षांपूर्वी बंद झाली होती. मिंडाने घाईने आणखी एक लुंपिया त्यांच्या ताटात घातला.

त्या हात धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. कागद काढला नाही, पेन काढलं नाही.

"मिंडा, मी तुमची चौकशी करायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "मी या कामात बावीस वर्षं आहे. लोक का जातात ते मला पाठ आहे. थंडी, नवऱ्याची नोकरी, आपली माणसं लांब. यादी बनवून बनवून कंटाळा आला. तुम्ही सातजणी आलात, सहा गेल्या. एक राहिली. मला त्या एकीला विचारायचं होतं, तुम्ही का राहिलात?"

असा प्रश्न मिंडाला कुणी केला नव्हता. "मी लिहून दिलं होतं," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच कसं? लिहून दिलं होतं."

इंग्रिडबाईंनी चष्मा काढून पुसला. "लिहून देताना राहायचा खरा इरादा होता ना?"

"हो."

"आणि राहिलात. मग तुमचं संपलं. आम्ही मागतो ते एवढंच, मनात कपट ठेवून लिहू नका. कायमचं कार्ड हातात आल्यावर माणूस या देशात कुठेही राहू शकतो. तुम्हीसुद्धा उद्या जाऊ शकता. आम्हाला वाईट वाटेल, पण कार्ड काढून घ्यायला कुणी येणार नाही."

"आणि मुलगी?"

"मुलगीही. ती तर तुमच्या नावावर आलेली. शिक्षण दुसरीकडे मिळालं तर दुसरीकडे जाईल. लेकरं जातातच."

खरं तर मिंडाला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. दोरी धरून विहिरीत वाकलेल्या माणसाला कुणी सांगावं, की पलीकडे घागर बांधलेलीच नाही, तसं तिला झालं. मुलीला ओढायला तिच्याकडे तेवढी एकच दोरी होती. आईच्या प्रेमाने मुलगी आली नव्हती, जांभळ्या पडद्यांनी आली नव्हती. सरकारच्या भीतीने येणार होती, आणि ते सरकार समोर बसून पिरोगी खात होतं.

"बाई," ती हळू म्हणाली, "ती इथे राहत नाही. ती टोरांटोला आहे. इथे एक दिवसही राहिलेली नाही. मी खोटं लिहिलं."

"कळलं मला," इंग्रिडबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"टूथब्रशवरची प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच आहे."

त्यांनी पिशवीतून तो प्रश्नांचा कागद काढला, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिंडालाच खोडायला लावलं, वर 'टोरांटो' लिहायला लावलं आणि शेजारी सही घेतली. जाताना दारात बूट घालत म्हणाल्या, "मी काय लिहू, तुम्ही का राहिलात म्हणून?"

"काहीही लिहा," मिंडा म्हणाली. "बाई, पिरोगी बांधून देऊ?"

त्यानंतरचे आठ दिवस मिंडाच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सगळ्यात आनंदाचे वाटले असते. ती न बोलता राहिली, एवढंच तिने केलं. खोटं बोलायची तर गरजच नव्हती. फक्त खरं सांगायचं नव्हतं. शेरिलिनने मंगळवारी कळवलं, की दवाखान्यात महिनाअखेर काम सोडत असल्याची सूचना दिली. गुरुवारी कळवलं, की वर्गात सांगितलं, बाईंना वाईट वाटलं. शनिवारी बसचं वेळापत्रक पाठवलं आणि खाली लिहिलं, 'तिथे मुलींना काम काय मिळतं?' मिंडा वृद्धाश्रमात चादरी घड्या घालताना त्या ओळीचं उत्तर मनात रचत राहिली. वृद्धाश्रमात मिळेल. माझ्याबरोबर. आपण दोघी सकाळी एकाच गाडीतून जाऊ. तिला ते चित्र इतकं स्पष्ट दिसे, की गाडी गरम करायला पाच मिनिटं लवकर उठावं लागेल याचाही तिने हिशेब केला होता.

आणि प्रत्येक वेळी तिला दिसे, की त्या गाडीत शेजारी बसलेली मुलगी खिडकीबाहेर बघतेय.

रविवारी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला ती गेली. पाच गावांत मिळून एकच पाद्री, फादर चिदुबेम, नायजेरियाचे. नोव्हेंबर ते एप्रिल ते झग्याखाली दोन स्वेटर घालतात आणि प्रवचन थंडीच्या मानाने आखूड ठेवतात. प्रार्थनेला तेवीस माणसं होती. नंतर सगळे कॉफीला तळघरात गेले, मिंडा बाकावरच थांबली.

"अते मिंडा," फादर म्हणाले. ही हाक त्यांनी त्या सातजणींकडून उचलली होती. "कॉफी गार होईल. इथे सगळंच गार होतं."

"फादर, नवस मोडला तर काय होतं?"

"कुणी केलेला?"

"मी. आम्ही दोघी इथे राहू, असा."

"दोघी म्हणजे?"

"मी आणि माझी मुलगी."

फादर तिच्या पुढच्या बाकावर उलटे वळून बसले. "मुलीने केला होता का?"

"ती शाळेत होती. मी तिच्या वतीने केला."

"माझ्या आईने माझ्या वतीने केला होता," फादर म्हणाले. "की हा जगला तर पाद्री होईल. मी जगलो. मग मी सेमिनरीत, पाद्र्यांच्या शाळेत, गेलो तेव्हा आमच्या वृद्ध गुरूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझ्या आईचा नवस तुझ्या आईचा. तू आजच्या आज घरी गेलास तरी देव तुला काही विचारणार नाही. तो तुझ्याकडून फक्त तू दिलेलं घेतो. त्या रात्री मला इतकी झोप लागली, अते, की सकाळची प्रार्थना चुकली."

"आणि तुम्ही घरी नाही गेलात."

"नाही. पण मला जाता येतंय, हे कुणीतरी सांगायला लागलं." ते उठले. "तुमच्या मुलीला कुणी सांगितलंय का?"

फादर तिच्यासाठी कॉफी आणायला गेले, आणि ते परत येईपर्यंत मिंडा बाहेर गाडीत जाऊन बसली होती.

गाडी चालू करून, हीटर पायांवर घेऊन तिने फोन लावला. काचेवरचा बर्फ अजून वितळला नव्हता, त्यामुळे आत सगळं पांढरट आणि बंद होतं.

"नानाय? मास झाली?"

"झाली. इंदाय, ऐक. ती बाई आली होती."

"मग? काय म्हणाली?" शेरिलिनच्या आवाजात भीती होती. त्या भीतीने मिंडाला लाज वाटली. ती तिनेच घातलेली होती.

"म्हणाली, काही होत नाही. तू कुठेही राहू शकतेस. कार्ड जात नाही. मला आठ दिवसांपूर्वीच कळलं. मी सांगितलं नाही तुला."

"म्हणजे मला यायला नको?"

मिंडाने डोळे मिटले. मुलगी विचारत होती त्या आवाजात बारा वर्षांनी पहिल्यांदा तिला ती नऊ वर्षांची पोर ऐकू आली, पाऊस पडला म्हणून शाळा नाही असं कळल्यावरची.

"नको," ती म्हणाली. "नोकरीवर सांग, राहते म्हणून. वर्गातल्या बाईंना सांग. आजच सांग."

"आज रविवार आहे, नानाय."

"मग उद्या सकाळी. पहिलं काम ते कर."

"करते." शेरिलिनने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग ती भराभर बोलायला लागली. जागा अजून कुणाला दिली नसेल, बाई तर खूशच होतील, पुढच्या सत्रात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम आहे. मिंडा ऐकत होती. इतकं सलग तिची मुलगी तिच्याशी आजवर कधी बोलली नव्हती. बोलता बोलता ती एकदम थांबली. "तू रागावली नाहीस ना?"

"मी कशाला रागावू? तू रागवायला हवंस."

"मी नाही रागावले," शेरिलिन म्हणाली, आणि मिंडाला कळलं, की ते खरं आहे, आणि सुटकेच्या आनंदात माणूस सहज माफ करतो तसं ते आहे.

आता मुलगी एक वाक्य बोलेल, असं मिंडाला वाटलं. तूच ये ना इकडे, नानाय. तुलाही कुठेही राहता येतंच की. ती ते मागणार नव्हती. पण वाट बघायला कुणाची परवानगी लागत नाही. काचेवरून बर्फाचा एक तुकडा खाली घसरला.

"तिता विचारतेय, मुळ्याचं लोणचं पाठवू का," शेरिलिन म्हणाली.

"पाठव."

"आणि नानाय, ईस्टरला बघते हं मी. दोन दिवस तरी."

"बघ जमलं तर. देव तुझं भलं करो, इंदाय."

फोन बंद झाल्यावर ती तशीच बसली आणि एक पूर्ण जपमाळ म्हटली. नेहमी ती प्रत्येक दहा मण्यांना, माझी मुलगी लवकर येऊ दे, असं मध्ये म्हणायची. आज त्या जागा रिकाम्या आल्या. तिथे काय घालावं ते तिला कळेना, म्हणून तिने तिथे मुलीचं नुसतं नाव घेतलं.

दुपारी तिची वृद्धाश्रमात पाळी होती. ओल्गा ह्रिंचुकच्या खोलीत ती सूप घेऊन गेली. ओल्गा ब्याण्णव वर्षांची, युक्रेनहून आलेल्या माणसांची नात, गावाबाहेरच्या अर्ध्या शेतांवर तिच्या घराण्याने घाम गाळलेला. पिरोगी लाटायला तिनेच मिंडाला शिकवले होते, खुर्चीतून ओरडून ओरडून. मिंडा तिला लोला म्हणे, म्हणजे आजी. ओल्गाच्या विसराळूपणाला काही सीमा नव्हती, पण एक प्रश्न ती कधी विसरत नसे.

"तुझी पोरगी कधी येतेय?"

जुनं उत्तर मिंडाच्या तोंडात आलंच होतं. तिने चमचा ओल्गाच्या ओठांपाशी धरला आणि तिला गिळू दिलं.

"ती येणार नाही, लोला. ती टोरांटोला राहते. तिथेच राहणार आहे."

ओल्गाने तोंड पुसून घेतलं. तिला धक्का वगैरे काही बसला नाही. "माझे तिघे गेले," ती म्हणाली. "थोरला म्हणाला होता, सुगी झाली की येतो. कुठली सुगी ते मी विचारायला हवं होतं."

"आले नाहीत?"

"येतात की. पुरायला येतात. नवऱ्याला पुरायला तिघेही आले होते, मोठ्या मोठ्या गाड्या घेऊन." तिने मिंडाकडे नीट पाहिलं. "मग तू पण जाणार आता. तुमच्यातल्या बाकीच्या गेल्या तशी."

"मला कुणी बोलावलं नाही, लोला."

"म्हणून राहतेस?"

मिंडाने वाटीत चमचा फिरवला. इंग्रिडबाईंना जे सांगता आलं नव्हतं, ते आता सांगता येईल असं तिला वाटलं, पण तेही काही फार मोठं नव्हतं. "मी देवाला बोलले होते, राहीन म्हणून," ती म्हणाली. "दोघींचं बोलले होते. मुलीचं मी आज परत घेतलं. माझं राहिलंय."

ओल्गाने थोडा विचार केल्यासारखं केलं. "बरं आहे," ती म्हणाली. "ती नवी पोरगी केस विंचरताना फार ओढते."

मिंडा हसली. मग वाटी बाजूला ठेवून तिने खणातून कंगवा काढला आणि म्हातारीच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या अकरा खोल्यांत जेवण गार होत होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ते विरळ पांढरे केस हळूहळू, टोकाकडून वर, एक एक गुंता सोडवत विंचरले, लेकीचे विंचरायची तसे.